उत्तरदाता सात

४ जून

दादा,

नमस्कार आधीच करून टाकते, म्हणजे पुढे भांडायला मोकळी.

सोबत माझा पेपर आहे. छापून आला! दोनदा परत आला, तिसऱ्यांदा परीक्षकांनी नाक मुरडत का होईना, पण घेतला. गेल्या वर्षी तुमच्याकडे मुक्काम ठोकून मी तुझ्या कंपनीत माणसांना भेटत हिंडले, त्यातून हा उभा राहिला. पर्सोनेल ऑफिसर म्हणून परवानगी तू मिळवून दिलीस, तेव्हा पहिली प्रत तुला.

विषय पुन्हा सांगते, कारण तू घरात "ही उद्योगधंद्यांवर काहीतरी करते" एवढंच सांगतोस. कारखान्यात काहीतरी चुकीचं चाललेलं असतं, ते चार लोकांना दिसत असतं, आणि तरी कुणी बोलत नाही. का बोलत नाही? भीतीनं, सवयीनं, की कुणी विचारलंच नाही म्हणून? माझी सगळी पीएचडी या एका प्रश्नावर उभी आहे.

कंपनीचं नाव कुठेही नाही. माणसांना नंबर दिलेत. सातव्याचं बोलणं मात्र नीट वाच. तपासणीसाठी म्हणून मुद्दाम जाड ओतलेली हेल्मेटं, त्यांच्या आत निळ्या खडूचा बारीक ठिपका, आणि नमुना 'सहज' उचलताना नेमकी तीच उचलायची. वरून वजन पडतं, हेल्मेट टिकतं, सगळा माल पास. पातळ हेल्मेटं बांधकामावरच्या लोकांच्या डोक्यावर जातात. सातवा म्हणतो, "ठिपका पुसायचं काम माझं. बाहीनं पुसतो. रोज घरी जाताना बाही निळी असते आणि रोज वाटतं, आज कुणीतरी विचारेल." बाकी सगळा पेपर फाडला तरी चालेल, पण हे वाक्य राहायला हवं, असं मला वाटतं. वाचून तुला धक्का बसेल. किंवा बसणार नाही, तेही मला सांगता येत नाही.

कोण काय बोललं ते विचारायचं नाही. सगळ्यांना मी लेखी शब्द दिलाय. भाऊ असलास तरी तुला ते कळणार नाही.

रविवारी बादली आणि ब्रश घेऊन बसतोस का अजून? सगळ्या घराचं धुणं धुणारा पर्सोनेल ऑफिसर मी दुसरा पाहिला नाही. वहिनींना नमस्कार.

तुझी,
चौकशी

(हे नाव तूच ठेवलंस. मी लहानपणी फार प्रश्न विचारायचे म्हणून. आता भोग.)


१९ जून

प्रिय चौकशी,

शाब्बास! पेपर पोहोचला. मी तो शांतपणे, चहा गार होईपर्यंत वाचला. आपल्या घराण्यात छापलेल्या कागदावर नाव येणारी तू पहिली. काका असते तर साऱ्या गल्लीला दाखवत फिरले असते.

काकांवरून आठवलं. तुझ्या सातव्याचं वर्णन फार हुबेहूब उतरलंय. निवृत्तीला आलेला स्टोअरमधला माणूस, कानामागे पेन्सिल, बोलण्याआधी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसायची सवय. मला तर काकाच डोळ्यांसमोर उभे राहिले. गळा दाटून आला.

तुझा पेपर कुणीतरी आमच्या मोठ्या साहेबांकडेही पाठवला. कुणी, ते कळलं नाही. साहेब रागावलेले नाहीत, गैरसमज नको. त्यांना फक्त कुतूहल आहे. म्हणाले, "बहीण हुशार आहे तुमची. हा सात नंबर कोण, तेवढं विचारा. त्याच्या मनात काही असेल तर आपण बसून बोलू." चांगल्या भावनेनं म्हणाले.

तेव्हा सवडीनं कळव. आणि पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवत जा. घरचा पोस्टमन हल्ली फार उशीर करतो.

सर्व क्षेम.
दादा


२७ जून

दादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वाटलं, यात पाणी मुरतंय.

एक तर तू मला आयुष्यात कधी शाब्बास म्हणाला नाहीस. बारावीत पहिली आले तेव्हासुद्धा "बाकीचे आजारी होते का?" असं विचारलं होतंस. आणि आता एकदम शाब्बास, गळा दाटून येणं, सर्व क्षेम! हे पत्र तू लिहिताना खुर्चीमागे कुणी उभं होतं का? साहेबांचं कुतूहल वगैरे जे लिहिलंयस ते तर सरळ कुणीतरी सांगितल्यासारखं आहे.

शिवाय घरच्या पोस्टमनला तू आजवर दिवाळीत पोस्त देत आलास आणि वेळेवर येतो म्हणून त्याचं कौतुक करत आलास. तो अचानक कसा बिघडला? ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं पाकीट आधी आवकच्या टेबलावर जातं, हे तूच मला तिथे दाखवलं होतंस. म्हणजे माझं उत्तर तुझ्याआधी दुसऱ्यानं वाचावं अशी सोय केलीस. तू केलीस की तुझ्याकडून करवून घेतली, हे मला ठाऊक नाही. तरी याच पत्त्यावर लिहितेय, कारण मला लपवायचं काही नाही. जो कोणी हे आधी फोडेल त्यालाही माझा नमस्कार.

सात कोण, ते मी सांगणार नाही. गोड बोलून नाही आणि डोळे वटारूनही नाही. ज्यानं मला विश्वासानं काही सांगितलं त्याचं नाव मी बाहेर काढलं, तर उद्योगातल्या नैतिकतेवर लिहिण्यापेक्षा मी दुकान टाकलेलं बरं.

आणखी एक. तुझ्या प्रत्येक पत्राखाली वहिनींच्या दोन ओळी असतात. या वेळी नाहीत. का?

चौकशी


८ जुलै

चौकशीबाई,

तुझ्या संशयी स्वभावाला माझा कोपरापासून नमस्कार. माझ्या खुर्चीमागे भिंत आहे आणि भिंतीवर पाल. ती वाचत असेल तर माहीत नाही. तुझ्या वहिनीला आमच्या इथल्या लॅबमध्ये काम वाढलंय, ती थकून येते, म्हणून ओळी नाहीत. झालं समाधान?

आता कामाचं. सात नंबर कोण, ते तू सांगण्याची गरज उरलेली नाही. ते आमचं आम्हाला कळलं.

आमच्या स्टोअरला अण्णा म्हणून आहेत. तू त्यांना पाहिलं असशील, नसशीलही. पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. कानामागे पेन्सिल असते आणि बोलण्याआधी चष्मा पुसतात. तुझा पेपर कँटीनमध्ये हातोहात फिरला तेव्हा लोकांनी पुरता वाचून व्हायच्या आधीच त्यांना 'सातवे' म्हणायला सुरुवात केली. परवा साहेबांनी त्यांना निलंबित केलं. आरोप असा की कंपनीबद्दल बाहेर खोटंनाटं सांगून नाव खराब केलं. चौकशी समिती नेमली आहे. (तुझं नाव कसं कामाला आलं बघ.) मी तिच्यात आहे.

अण्णा म्हणतात, मी त्या मुलीशी बोललोच नाही. तेवढंच म्हणतात आणि चष्मा पुसतात. दोष सिद्ध झाला तर बडतर्फ होतील, निवृत्तीचं जे काही मिळायचं ते सगळं जाईल. घरी त्यांनी सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन वेळेवर येतात आणि संध्याकाळपर्यंत वॉचमनच्या केबिनमध्ये बसून राहतात.

तुला काही उघड करायचं नाही ना? करू नकोस. फक्त एक ओळ लिही, "तुम्हाला जे वाटतं ते चूक नाही." नाव नको, सही नको. समितीचं काम लवकर आटपेल आणि अण्णांना कमीत कमी शिक्षा व्हावी म्हणून मी शब्द टाकीन.

दादा


१५ जुलै

दादा,

तुझं पत्र मिळालं.

ती ओळ मी लिहिणार नाही. आता तू म्हणशील, मग उलटी ओळ लिही, "अण्णा नव्हेत" म्हण. तेही मला करता येत नाही, आणि का ते समजून घे. आज अण्णा नव्हेत म्हटलं की उद्या तुम्ही दुसरं नाव पुढे कराल. तेही नाही म्हटलं की तिसरं. असं करत करत ज्या नावाला मी गप्प बसेन, तोच सात. म्हणून 'नाही' म्हणायचा रस्ताही मी स्वतःच बंद करून घेतलाय.

पण वर्णनाबद्दल मी बोलू शकते, कारण ते माझं आहे. ते वर्णन खरं नाही. परीक्षकांनी पेपर परत पाठवताना लिहिलं होतं, "ही माणसं नुसते आकडे वाटतात, त्यांना जरा रक्तमांस द्या." आणि गाइडबाई म्हणाल्या, "रक्तमांस दे, पण खऱ्याचं नको. वय बदल, खातं बदल, बाईचा पुरुष कर, पुरुषाची बाई कर." आमच्यात हे चालतं, फक्त पेपरात तसं स्पष्ट लिहावं लागतं. माझ्याकडून ते लिहायचं राहिलं. पानं कमी करताना ते वाक्य मी उडवलं. मला वाटलं होतं, कुणाला त्रास होऊ नये म्हणून मी केवढी काळजी घेतेय! आणि ज्या माणसाशी मी एक शब्द बोलले नाही, त्याच्या मानगुटीवर ते वर्णन जाऊन बसलं.

गाइडबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आता काही बोललीस तर लोक म्हणतील सगळाच पेपर बनवलेला. पदवी हातची जाईल. गप्प राहा." गप्प राहण्यावर मी एवढं लिहिलंय, पण गप्प राहायचा सल्ला मिळाल्यावर किती हायसं वाटतं, ते मला काल पहिल्यांदा कळलं. मला लाज वाटली.

समितीला सांग की वर्णन खरं नाही. तू सांगितलंस तर ऐकतील.

चौकशी


२४ जुलै

चौकशी,

समितीला मी काहीही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

तू छापून खोटं लिहिलंस, असं मी तिथे बसून सांगू? साहेब तेवढ्याचीच वाट बघतायत. तुझ्या विद्यापीठाला पत्र लिहायचा मसुदा त्यांच्या टेबलावर तयार आहे. मी तो दाबून ठेवलाय. तुझ्या गाइडबाई शहाण्या आहेत, त्यांचं ऐक.

आणि जरा स्वतःकडे बघ. हेल्मेटं पातळ आहेत हे तुला वर्षापूर्वी कळलं. तू काय केलंस? कुठे तक्रार केलीस? कुणा बांधकामावर जाऊन सांगितलंस? पेपर लिहिलास. तळटिपा दिल्यास. आता एका म्हाताऱ्यासाठी तुला एकदम पाझर फुटतोय!

अण्णांचं मी बघतो. साहेबांशी बोलून त्यांना राजीनामा द्यायला लावू, थोडंफार हातात पडेल, अब्रूही राहील. कंपनी असल्या गोष्टी विसरते. प्रकरण स्टोअरपाशी मिटतंय तर मिटू दे. उगाच ते लॅबपर्यंत गेलं तर कुणाकुणाचे संसार उघड्यावर पडतील याचा विचार कर.

यावर आता पत्र नको.

दादा


३० जुलै

दादा,

पत्र नको म्हणालास, म्हणून लिहितेय.

तू तक्रारीबद्दल जे विचारलंस ते माझ्या जिव्हारी लागलं. ते खरं आहे. ते मी बाजूला टाकत नाही, पण त्याच्याआड तुला लपूही देणार नाही.

काल तुझी सगळी पत्रं ओळीनं मांडून बसले. माझं काम तेच आहे, लोक काय बोलतात त्यापेक्षा कुठे जास्त बोलतात ते बघायचं. दोन जागी तू जास्त बोललायस.

पहिली जागा या महिन्यातली. मी माझ्या एकाही पत्रात लॅबचं नाव काढलेलं नाही. पेपरातही नमुना स्टोअरमधून उचलतात असं आहे. तुला प्रकरण लॅबपर्यंत जाण्याची भीती कुठून आली?

दुसरी जागा जूनमधली. वर्णन वाचून "काकाच डोळ्यांसमोर उभे राहिले," असं तू लिहिलंस. बरोबरच आहे, कारण ते तुझे काका, म्हणजे माझे बाबाच आहेत! परीक्षकांना रक्तमांस हवं होतं, तेव्हा मला दुसरं कुणी सुचलं नाही. आयुष्यभर स्टोअरमध्ये काढलेला माणूस, पेन्सिल, चष्मा, शर्टाचं टोक. तू त्यांच्या मांडीवर वाढलास. तुला पहिल्या वाचनातच कळलं होतं की हा माणूस मी बाबांवरून उचललाय. म्हणजे अण्णांना निलंबित केलं तेव्हा ते सात नव्हेत, हे त्या खोलीत तुला एकट्याला माहीत होतं.

मी इतके दिवस समजत होते की तू साहेबांसाठी सातव्याला शोधतोयस. दादा, तू शोधत नाहीयेस. तू झाकतोयस. ती एक ओळ तुला माझ्याकडून का हवी होती ते आता कळलं. अण्णांवर माझ्या हातचा शिक्का हवा होता. आणि पत्रं ऑफिसात का, तेही कळलं. आवकच्या टेबलावरच्यांनी वाचली तर तुला चालणार होती, घरात कुणी वाचलेली चालणार नव्हती.

कुणाला झाकतोयस ते मी विचारत नाही. शब्द दिलाय, तो याही पत्रात पाळतेय, आणि म्हणूनच हे पत्र फक्त तुझ्या हाती पडेल असं रजिस्टरनं पाठवतेय.

पण मी जर्नलला आणि तुमच्या समितीला पत्र लिहिलंय. त्यात एवढंच आहे की सातव्याचं वर्णन माझ्या वडिलांचं आहे आणि अण्णांशी माझी भेट झालेली नाही. पेपर परत घेतला जाईल, पदवी लांबेल, कदाचित मिळणारही नाही. ते पाकीट टेबलावर आहे. तुझं उत्तर येईपर्यंत टाकत नाही.

चौकशी


५ ऑगस्ट

बाळ,

हे घरून लिहितोय. ती बाहेर गेलीय.

तू सगळं ओळखलंस, तेव्हा आता ताकास तूर लागू न देण्यात अर्थ नाही. पेपर आला त्या दिवशी मी तो ऑफिसात नेऊन वाचला. काका ओळखले, हसलो. मग ते वाक्य आलं. बाही निळी असते आणि रोज वाटतं, आज कुणीतरी विचारेल.

तुझ्या वहिनीचा लॅबचा पांढरा कोट मी दर रविवारी धुतो. उजव्या बाहीला निळा डाग असतो. आधी साबण, मग ब्रश, मग पुन्हा साबण. आमचं लग्न झाल्यापासून मी ती बाही घासतोय आणि एकदाही विचारलं नाही की हे काय लागतं. मला वाटायचं, लॅबचं काहीतरी असेल. खोटं लिहितोय. मला काहीच वाटायचं नाही. डाग निघाला की मी खूश असायचो.

ती माझी वाट बघत होती, चौकशी. रोज. आणि मग तू आलीस, चार दिवस राहिलीस आणि तुला सांगून टाकलं. मला नाही सांगितलं. याचं मला किती दुःख झालं ते लिहिता येत नाही, आणि तिच्याजवळ बोलताही येत नाही, कारण मला कळलंय हे तिला माहीत नाही. आम्ही समोरासमोर जेवतो. ती माझ्याकडे बघते, मी भाजीकडे बघतो. अण्णांना का काढलं म्हणून तिनं विचारलं, तर मालात तफावत सापडली असं मी ठोकून दिलं. तुझा पेपर तिला दाखवलेला नाही. कँटीनला ती जात नाही, म्हणून अजून निभावलं.

साहेबांना तिचं नाव कळलं तर नोकरी जाईलच, पण ते तेवढ्यावर थांबणार नाहीत. तपासणीच्या कागदांवर सह्या तिच्या आहेत. सगळं तिच्यावर ढकलून मोकळे होतील. अण्णांचं नुकसान होतंय हे मला दिसतं. सकाळी गेटमधून आत जाताना मी वॉचमनच्या केबिनकडे बघत नाही. पण माझ्यापुढे एकीकडे अण्णा आहेत आणि दुसरीकडे ती. तू माझ्या जागी काय केलं असतंस?

पाकीट टाकू नकोस. पाया पडतो.

दादा


९ ऑगस्ट

दादा,

टाकलं.

हे पत्र मात्र घरच्या पत्त्यावर पाठवतेय. पोस्टमनवर माझा विश्वास आहे.

चौकशी


२६ ऑगस्ट

प्रिय चौकशी,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी माझ्या हातात पडली. 'टाकलं' म्हणजे काय टाकलं, असं ह्यांना विचारलं तर ह्यांचा चेहरा पांढराफटक. पण खरं सांगते, तोवर मला निम्मं कळून चुकलं होतं. आदल्याच दिवशी मी वॉचमनच्या केबिनमध्ये अण्णांना चहा द्यायला गेले होते. तफावतीच्या आरोपावर मला विश्वास बसत नव्हता. वॉचमन हसून म्हणाला, "द्या, द्या, सातव्यांना चहा द्या." मी विचारलं, सातवे म्हणजे? अण्णांनी चष्मा पुसला आणि तुझा पेपर खिशातून काढून माझ्यापुढे धरला. मळून चुरगळला होता. म्हणाले, "बाई, यातलं तुम्हाला काही कळतं का? मी हे बोललो असं सगळे म्हणतात. वाचून वाचून मलाच वाटायला लागलंय की बोललो असेन."

मी तिथेच उभ्याउभ्या वाचलं. माझी वाक्यं, आणि पेन्सिल त्यांच्या कानामागे. तुझा इतका राग आला की सांगता सोय नाही. आणि मग स्वतःचा आला. मी तुला नाव लपवायला सांगितलं होतं, ते लपवायला दुसऱ्याचं घर लागेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुझी चिठ्ठी आली, तेव्हा ह्यांच्यापुढे बसले. म्हटलं, मला विचारा. हे म्हणाले, काय? म्हटलं, जे इतकी वर्षं विचारलं नाही ते. मग ह्यांनी कपाटातून तुझी सगळी पत्रं काढून दिली आणि आत जाऊन पडले. ह्यांनी मला वाचवायला हे केलं, हे कळतं. पण मला न विचारता केलं. त्याचा राग अजून आहे आणि बरेच दिवस राहील.

समितीची बैठक गुरुवारी होती. मी बोलावणं नसताना गेले, कोट घालूनच. त्या आठवड्याचा न धुतलेला. साहेब मधे, त्यांच्या शेजारी वकील, टेबलाच्या टोकाला टिपणं घ्यायला हे. तुझं पत्र पोहोचलं होतं. साहेबांनी ते दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं होतं. म्हणाले, "त्या मुलीचं डोकं फिरलंय. आधी खोटं छापते, मग खोटं छापलं म्हणून लिहिते."

मी म्हटलं, सात मी आहे.

तुला काय वाटतं, काय झालं असेल? मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, पोलीस बोलावतील. साहेब हसले! म्हणाले, "बाई, तुमचं मन मोठं आहे. म्हाताऱ्याची दया आली, समजू शकतो. पण पेपरात पुरुष आहे, स्टोअरचा आहे. जा, काम करा." मी बाही पुढे केली. वकील म्हणाले, लॅब म्हटली की डाग पडायचेच. त्यांना माझं खरं मानायचंच नव्हतं, चौकशी. स्टोअरचा माणूस बोलला तर ती ऐकीव बडबड. लॅबची बाई बोलली तर आजवरच्या सगळ्या तपासण्या खोट्या. म्हणून त्यांना सातवे अण्णाच हवे होते. ज्या सातव्याला हे शोधतायत असं तू समजत होतीस, त्याला खरं तर कुणीच शोधत नव्हतं.

मी वळले, जायला निघाले. साहेब सहज म्हणाले, "काय हो, तुम्ही नवरा आहात. सांगा तुमच्या बायकोला, असला खुळेपणा करू नये." आणि ह्यांनी लेखणी खाली ठेवली. आवाज इतका बारीक होता की वकिलांनी पुन्हा विचारलं. तेव्हा हे मोठ्यानं म्हणाले, "ती खरं बोलतेय. ती बाही मी धुतो."

मग मात्र कुणी हसलं नाही.

आम्ही दोघंही आता घरी बसलोय. नोटिसा आल्यात. अण्णांना परत घेतलं, कारण त्यांना बाहेर ठेवायला कारण उरलं नाही. त्यांनी आभारबिभार मानले नाहीत, मानायचं कारणही नाही. फक्त एवढं विचारलं, की त्या मुलीनं माझी पेन्सिल आणली कुठून? मी तुझ्या बाबांचं सांगितलं. म्हणाले, "मग त्या माणसाचं पुण्य तिला लाभलं नाही," आणि चष्मा पुसून आत गेले. तुला वाईट वाटेल, तरी कळवलं, कारण इथून पुढे मी तुझ्यापासून आणि तू माझ्यापासून काही लपवायचं नाही.

माल गेटबाहेर जातोच आहे. परवा रस्त्यावरून ट्रक भरताना पाहिला. सरकारी तपासणी खात्यात माझा जबाब पुढच्या सोमवारी आहे. या वेळी माझं नाव लिही, बाईची बाईच ठेव, खातं लॅबचंच ठेव. तूही येणार आहेस. हे विचारत नाही, सांगतेय. तुझी तळटिपांची वही आण.

ह्यांचं आणि माझं बोलणं थोडं थोडं सुरू झालंय. रविवारी हे बादली घेऊन बसले, सगळे कपडे धुतले. कोट मी आणून पुढ्यात टाकला, तर उचलून तसाच खुंटीला लावून आले. म्हणाले, "हा सोमवारपर्यंत धुवायचा नाही."

तुझी,
वहिनी